मिश्राजींच्या फुंकणीचं तेल

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचत राहतात, काळं तेल आणि किस्से. तेल न्यायला महिन्याला एक माणूस यायचा आणि डबे भरून घेऊन जायचा. किश्शांना कोण नेणार? ते राहिले माझ्याच डोक्यात. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका, पण मध्ये चहा गार झाला तर मला बोल लावायचा नाही.

मी साताऱ्याची. लग्न होऊन बनारसला आले तेव्हा सासरच्यांच्या चार-पाच पिढ्या काशीत झाल्या होत्या. घरची भिक्षुकी. थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, अहिल्याबाई घाटावर छत्रीखाली पंचांग घेऊन बसायचे. धाकटे आमचे हे, नाव गोविंद. यांनी वेदपाठशाळा अर्ध्यात सोडली, आयटीआय केलं आणि मोटर मेकॅनिक झाले. विद्यापीठाजवळ लंका नावाचा भाग आहे, हो, लंकाच, तिथून रामनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर यांनी गॅरेज काढलं. मी तिथे टेबलाशी बसायची. फोन घ्यायचा, लोकांना चहा पाजायचा आणि गाडी आज का मिळणार नाही ते पटवून द्यायचं. यातलं तिसरं काम फुलटाइम होतं.

* * *

पहिला किस्सा गॅरेजच्या उद्घाटनाचा, कारण पुढचं सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

धाकट्या भावानं पूजा सोडून पाना हातात घेतला याचं दादांना वाईट वाटलं होतं. तरी मन मोठं करून त्यांनी स्वतः मुहूर्त काढून दिला. सकाळी साडेदहाचा. कलश मांडला, रांगोळी घातली, दादा दारात नारळ घेऊन उभे. पावणेदहाला एक जीप धापा टाकत आली आणि नेमकी आमच्यासमोर बंद पडली. आत बाळंतपणाला निघालेली बाई! हे नव्या धोतरानिशी सरळ जीपखाली घुसले. वीस मिनिटांत जीप चालू झाली, बाई दवाखान्यात वेळेवर पोचली, मुलगा झाला, त्यांनी नंतर पेढेही आणून दिले.

पण मुहूर्ताच्या आधीच गॅरेज चालू झालं होतं. दादांनी नारळ खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळाला मुहूर्त नसतो, मला कळतं. मी दहा पावलांवर उभा होतो. चालू करू का, एवढं एका शब्दानं विचारलं असतंस, तर मीच हो म्हणालो असतो." यांना आधीच घाम आलेला, हे म्हणाले, "विचारायला वेळ कुठे होता?" दादा म्हणाले, "ठीक आहे. तुला एक शब्द जड झाला, मलाही होईल."

आणि खरंच झाला! अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. एका घरात राहून बरं का. वर दादा, खाली आम्ही, मध्ये सासूबाई.

* * *

आता दोन भाऊ बोलत नसले तरी बनारस त्यांना गप्प बसू देईल का? इथे माणूस सायकलचा टायर बदलायचा तरी पंचांग बघतो. गाडीचं इंजिन उघडायचं म्हटलं की गिऱ्हाईक आधी घाटावर जाणार, दादांकडून वेळ लिहून घेणार आणि ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येणार. दादांना माहीत असायचं की चिठ्ठी कुठे जाणार आहे. हे अक्षर बघायचे, चिठ्ठीची घडी घालून पान्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि बरोब्बर त्या वेळेला बॉनेट उघडायचे. अकरा वर्षांत यांनी एकही वेळ चुकवली नाही आणि एकही चिठ्ठी फेकली नाही. तो ड्रॉवर पुढेपुढे उघडायलाच जड जायचा.

सगळ्यात मोठी अडचण शनिवारची. शनिवारी तेल विकत घेत नाहीत, त्यामुळे ऑइल बदलायला कुणी फिरकायचंच नाही. हे वैतागले आणि एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "पंडितजी से पूछिए, क्या करें." दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हजर. दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, "शनिवारी तेल घेऊ नये. काढून टाकण्यास हरकत नाही."

झालं. तेव्हापासून आमच्याकडे शनिवारी जुनं तेल काढायचं आणि रविवारी सकाळी नवं भरायचं. रात्रभर चार-पाच गाड्या रिकाम्या पोटी ओळीनं उभ्या. एका रविवारी एक वकीलसाहेब आमच्या आधी येऊन, दुसरी किल्ली लावून, तेलाशिवायच गाडी घेऊन निघाले होते! हे चौकापर्यंत धावले. तेव्हापासून मी उपाशी गाडीच्या स्टिअरिंगला लाल दोरा बांधायला लागले. लोक तो प्रसादाचा समजून घरी गेल्यावरही सोडायचे नाहीत.

* * *

घरातला कारभार चालायचा सासूबाईंमार्फत. त्यांना आम्ही आई म्हणायचो. जेवताना मिठाची वाटी यांच्यासमोर असेल, तर दादा म्हणणार, "आई, त्याला म्हणावं मीठ सरकव." आई म्हणणार, "गोविंदा, मीठ सरकव." हे मीठ सरकवून म्हणणार, "आई, सांगा त्याला, आमटीत आधीच जास्त आहे." आई तेही पोचवणार. तोवर दादांनी आमटी चाखलेली असायची.

अशी कितीतरी वर्षं त्या माउलीनं पोस्ट ऑफिस चालवलं. मग त्यांचे कान जायला लागले. निदान त्या तरी असं म्हणायच्या. मी औषधाला हाक मारली तर काही केल्या ऐकू यायची नाही, आणि खालच्या स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्याचं झाकण निघालं की वरच्या मजल्यावरून आवाज यायचा, "सुमन, मला पण आण गं थोडा."

पण कमी ऐकू यायला लागलं होतं, हे खरं. डॉक्टर म्हणाले, अजून उतरणार. त्या दिवशी घरी येऊन आईंनी मला जवळ बसवलं. मग मला म्हणाल्या, "मला बाकी काही ऐकायचं राहिलेलं नाही. भजनं झाली, कीर्तनं झाली, भांडणंही झाली. पूर्ण बहिरी व्हायच्या आत या दोघांना एकदा एकमेकांशी बोलताना ऐकायचंय. मी मध्ये नसताना."

मला रडू आलं. मी दोघांनाही जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "त्यानं आधी बोलावं." दादा म्हणाले, "गोविंदाला सांग, विचारायचं त्याच्याकडून राहिलंय." म्हणजे मीही पोस्टमन झाले, दुसरं काय!

* * *

अशात मिश्राजी आले. आजमगढकडचे, पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये काढून म्हातारपणी काशीवास करायला परतलेले. येताना विलायतेची गाडी घेऊन आले. लांबलचक, गडद हिरवी. तिच्या इंजिनात सुपरचार्जर होता.

बनारसमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. अर्धी लंका बॉनेटमध्ये डोकं घालून उभी. इसका काम क्या है, हा प्रश्न. हे टेक्निकल सांगायला लागले, पट्ट्यावर फिरणारे रोटर, हवेचा दाब, वगैरे. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मी म्हटलं, अहो, चुलीला फुंकणी असते ना, तशी इंजिनाला फुंकणी. जास्त हवा घातली की जास्त जाळ. सगळ्यांना एका मिनिटात कळलं. समोरचा पानवाला मात्र विचारात पडला, गावातल्या सगळ्यात गर्दीच्या चौकाच्या. म्हणाला, "गोदौलिया में तो रिक्शा नहीं निकलता. फूँक के जाइएगा कहाँ?"



* * *

या फुंकणीचं तेल वेगळं असतं. इंजिनाच्या ऑइलशी तिचा संबंध नाही. पुढच्या भागात तिची छोटीशी टाकी असते, चहाचा कप भरेल इतकीच, आणि त्यात तिचं स्वतःचं तेल. मिश्राजींनी एक बाटली बरोबर आणली होती. पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा हे असे बसले होते, जणू ऑपरेशनच. इंजिन गार पाहिजे. बोल्टाच्या आजूबाजूला ब्रशनं साफ केलं, कारण कचऱ्याचा कण आत पडला तर गिअर गेले. मग बोल्ट काढला, केमिस्टकडून आणलेल्या मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावली आणि जुनं तेल ओढून घेतलं.

अरे देवा, तो वास! नासकं अंडं आणि जळकं रबर एकत्र केलं तरी त्याची सर यायची नाही. पानवाला येऊन हळूच विचारून गेला, घर में कोई गुजर गया क्या. 

तशातच यांनी मला नवं तेल ओतायला उभं केलं. ते भोक अशा अडचणीत, की ओतणाऱ्याला आत काही दिसत नाही. त्यामुळे काम दोघांचं. एकानं वर फनेल धरून ओतायचं, खाली बारीक नळीतून तेल आत जाणार. दुसऱ्यानं वाकून, टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घेऊन बघायचं. तेल बोल्टाच्या भोकातल्या आट्यांच्या खालच्या कडेला टेकलं की त्यानं सांगायचं, आणि वरच्यानं त्या क्षणी थांबायचं. जास्त झालं तर फेस होतो आणि सील फुटतं.

हे म्हणाले, "बस." मी थांबले, पण मी भसाभसा ओतलं होतं, नळीत होतं तेवढं सगळं आत गेलंच. मग परत सिरिंज, परत तो वास, आणि मी बाहेर गटाराशी ओणवी. शिवाय तेल भरून झाल्यावर हे लगेच गाडी चालू करू देत नसत. दहा मिनिटं थांबायचं, तेल गिअरमध्ये बसू द्यायचं, पातळी परत बघायची. ती दहा मिनिटं यांनी मला धार कशी धरावी यावर लेक्चर दिलं. मी म्हटलं, तुमच्या घरी अभिषेक करणारे आहेत, त्यांना बोलवा. यांनी लेक्चर तिथेच सोडलं आणि सिरिंज पुसायला घेतली.

* * *

दोन वर्षांनी फुंकणी खडखडायला लागली. तेल परत बदलायला हवं होतं आणि तसं तेल हिंदुस्थानात मिळेना. मिश्राजींनी विचारलं, शुद्ध सरसों का चलेगा? त्यांच्या बायकोनं घरचं तूप सुचवलं. यांनी हात जोडले आणि सांगितलं, तेल येईपर्यंत गाडी लांब न्यायची नाही.

इथे आईंचा जीव अडकला. मिश्राजींचं घाटावर रोजचं येणं-जाणं, दादांशी दोस्ती. त्यांनी कबूल केलं होतं की मौनी अमावस्येला दादांना आणि आईंना आपल्या गाडीतून प्रयागला संगमावर नेतील. आईंना गर्दीच्या बसमधून नेणं आता शक्य नव्हतं. आई रोज विचारायच्या, "गोविंदा, तेल आलं का?" हे मान हलवायचे.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मिश्राजींचा भाचा लंडनहून उतरला. बाटली आली! आईंनी ती रात्रभर देव्हाऱ्यात ठेवली आणि सकाळी बघते तर बाटलीला हळदकुंकू.

सकाळी आठला सगळे गॅरेजवर. बाहेर असं धुकं की पानवाला दिसत नव्हता, फक्त त्याचा खोकला ऐकू येत होता. आईंना शाल गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर बसवलं, काच खाली करून. दादा दाराबाहेर रस्त्यावर उभे. अकरा वर्षांत त्यांनी गॅरेजच्या फरशीवर पाय ठेवला नव्हता. त्यातून दिवस मौनी अमावस्येचा. उठल्यापासून संगमावर बुडी मारेपर्यंत बोलायचं नाही असा नेम, आणि दादा नेमाचे पक्के. निघायची वेळ त्यांनी आदल्या दिवशीच मिश्राजींकडे लिहून दिली होती, आठ चाळीस.

यांनी जुनं तेल ओढून काढलं. तो वास सुटला आणि मी पदर नाकाला लावून दारापर्यंत पोचलेसुद्धा. आता ओतणार कोण? मी कसंबसं म्हटलं, मी येते. यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मिश्राजींचे हात थरथरायचे, चहाची बशी वाजायची त्यांच्या हातात. बाटली एकच. सांडली की संपलं, प्रयाग नाही, आणि पुढच्या वर्षी आईंचं काय असेल कुणी सांगावं.

 तेवढ्यात मागच्या सीटवरून आईंचा आवाज आला, "थोरल्या, ये. धार धर."

दादा हलले नाहीत. आई पुन्हा म्हणाल्या, "विटाळाचं मनात आणू नकोस. संगमावर बुडी मारायचीच आहे."

दादांनी चपला रस्त्यावरच काढल्या. उपरणं कमरेला खोचलं, आत आले, हात धुतले आणि माझ्या हातून बाटली घेतली. वासाचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. यांनी फनेल लावून दिलं, टॉर्च आणि आरसा घेतला आणि खाली वाकले.

आणि काय सांगू, काय धार धरली! चाळीस वर्षं पिंडीवर अभिषेक केलेला हात तो. दोऱ्यासारखी बारीक, ना जाड ना पातळ, बुडबुडा नाही, थेंब नाही. मी नाकावरचा पदर कधी काढला मला कळलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पातळी दिसते फक्त यांना, बाटली आहे दादांच्या हातात. दादांना थांबवायचं तर यांनी तोंड उघडायला हवं. दुसरा इलाज नव्हता, दोन्ही हातांत टॉर्च आणि आरसा. यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण यांचा कान लाल झाला. मी सांगायला पुढे झाले, तर आईंनी खिडकीतून माझा पदर धरला आणि घट्ट ओढून ठेवला.

तेल चढत होतं. यांनी एकदा घसा खाकरला. मग म्हणाले, "पुरे, दादा."

धार तिथल्या तिथे तुटली. वर एक थेंब गेला नाही.

यांनी बोल्ट बसवला, पान्यानं आवळला, हात पुसले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. स्वतःचाच दहा मिनिटांचा नियम विसरून किल्लीला हात घातला. मला वाटलं, संपलं, कामापुरतं बोलले. पण हात तिथेच थांबला. यांनी काचेतून वर बघितलं आणि विचारलं, "दादा, चालू करू?"

दादा बाटली हातात धरून उभे होते. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, बोटं दाखवली असती तरी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आठ अठ्ठावीस झाले होते, यांच्याकडे पाहिलं, आणि नेम मोडला.

"बारा मिनिटं थांब, गोविंदा."

यांनी किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मिश्राजी कोपऱ्यात चष्मा पुसत राहिले. 

मागच्या सीटवर आईंनी कानावरची शाल बाजूला केली.

"काय म्हणाला तो? मला नीट ऐकू आलं नाही."

दादा खिडकीशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "बारा मिनिटं थांब, असं म्हणालो."

"मला कशाला सांगतोस? त्याला सांग."

दादांनी यांच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. आईंनी समाधानानं मान डोलावली, मागे टेकल्या, आणि यांच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं.

"गोविंदा, आता तू परत विचार. तुझंही मला नीट ऐकू आलेलं नाही."